बाहीखालचे आकडे

उस्तादांनी ब्युरेटची, म्हणजे खुणा कोरलेल्या काचनळीची, तोटी इतकी हळू फिरवली, की शेवटचा थेंब धड पडेना आणि वरही जाईना. तो टोकाशी लोंबकळत राहिला. त्यांनी फ्लास्कची आतली बाजू टोकाला लावून थेंब उतरवून घेतला, फ्लास्क गोल फिरवला आणि खालच्या पांढऱ्या टाइलवर धरून पाहिला. आतलं पाणी जेमतेम गुलाबी झालं होतं. मनातल्या मनात तीस मोजून झाले तरी रंग गेला नाही.

"तेरा पॉइंट चार," ते म्हणाले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसलेल्या मुलीनं लगेच लिहिलं नाही. तिनं खिडकीच्या बाजूला पाहिलं, मग वहीत पाहिलं आणि मग तिचं पेन हललं.

"लिहिलंस?"

"लिहिलं, काका."

उस्तादांनी डाव्या मनगटाचं बटण सोडलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि हाताच्या आतल्या बाजूला, आधीच्या दोन आकड्यांखाली, बॉलपेननं तिसरा आकडा लिहिला. १३.४, १३.५, १३.४. मग बाही खाली ओढून बटण पुन्हा लावलं.

त्यांचा कोट कॉलेजातल्या बाकीच्यांसारखा पातळ पांढरा नव्हता. नळांना आणि दाराच्या मुठींना निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते बावीस वर्षं ॲसिडच्या टाक्या सांभाळत होते. तिथलाच जाड, करडा, मनगटाला बटण असलेला कोट घालून ते कॉलेजात यायचे. हातावर लिहिण्याची खोडही तिथलीच. टाक्यांच्या वाफेत कागद आठवडाभरसुद्धा टिकत नाही, आणि ओल्या हातानं वही धरायची तरी कशी? पाळी संपेपर्यंत आकडे हातावर राहत. पाळी संपली की रजिस्टरमध्ये उतरत आणि मग साबणाखाली जात. ‘उस्ताद’ हे नावही त्यांना तिथेच पडलं होतं.

आता त्या मुलीचं ‘काका’. त्यात तसं वावगं काही नव्हतं, सगळा वर्ग त्यांना काकाच म्हणायचा. फक्त ही मुलगी त्यांची पोटची लेक होती.

असं झालं होतं की, टाक्यांपाशी काम करणाऱ्याकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा कोर्स हवा, तोही प्रॅक्टिकलसकट, असा नवा नियम वर्कशॉपला लागू झाला. वर्षाअखेर ज्याच्याकडे कागद नसेल, त्यानं टाक्या सोडून पॅकिंगला जायचं. म्हणजे तयार नळ कागदात गुंडाळत बसायचं. उस्तादांना हे ऐकूनच कसंतरी झालं होतं. त्यांना हिरव्या टाकीत काय कमी पडलंय ते वासावरून कळायचं. नळ कागदात गुंडाळायला उस्ताद कशाला लागतो, असं ते घरी दहा वेळा म्हणाले आणि अकराव्या वेळी जाऊन फॉर्म भरून आले. गावात कॉलेज एक, वर्ग एक. त्याच वर्गात लेकीनं महिनाभर आधी प्रवेश घेतला होता.

"तुम्ही या," ती म्हणाली होती, "पण तिथे बाबा म्हणून नको."

"मग काय म्हणून?"

"सगळे म्हणतील तेच. काका."

ते हसले होते. काका तर काका, म्हणाले होते. त्या रात्री मात्र ते नेहमीपेक्षा एक पोळी कमी जेवले, आणि बायकोनं कारण विचारलं नाही.

गंमत अशी, की टेबलं आडनावांच्या क्रमानं लागली. एका टेबलावर दोघं. चौथ्या टेबलाला एकाच आडनावाची दोन माणसं आली, आणि ते आडनाव वर्गात आणखी तिघांचं असल्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. ज्याचा हात स्थिर त्यानं ब्युरेट चालवायची, ज्याचं अक्षर चांगलं त्यानं वही धरायची.

दुसऱ्या आठवड्यातच तिनं त्यांना टोकलं होतं. नळीतलं पाणी मधे खोलगट असतं आणि कडेला काचेवर जरा चढलेलं असतं. पुस्तक सांगतं, खोलगट तळ वाचा. उस्ताद वरची कड वाचायचे. टाक्यांच्या बाजूला पातळी दाखवणाऱ्या काचनळ्या असतात, आणि त्या हिरव्या, तांबड्या द्रावात तळ दिसतच नाही. दिसते ती वरची कड.

"काका, खालचं वाचायचं असतं."

"डोळ्याला लागली ती सवय लागली."

"पण चुकतं ते."

"बघू," उस्ताद म्हणाले, आणि पुढच्याही वेळी त्यांनी वरचीच कड वाचली. शून्यावर आणतानाही वरचीच.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी घरी मोरीत हात धुवायला जाताना लेकीची वही टेबलावर उघडी दिसली. ती गणित करता करता उठून गेली होती. वहीत ९.६ होतं. उस्तादांनी बाही वर करून पाहिलं. हातावर ९.८ होतं. त्यांनी दिव्याखाली जाऊन पाहिलं. आठच होता, आणि चांगला ठसठशीत होता.

ते मोरीत जाऊन हात घासत उभे राहिले.

"अहो, सोलून काढताय का हात?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि राहू दे थोडी शाई. आपली पोर पाटीवर नाही शिकली आकडे, तुमच्या हातावर शिकली. आठवतं का? मांडीवर बसून वाचायची, एक टिंब चार, दोन टिंब सात. मला वाटायचं, बँकेत लागणार ही."

उस्तादांना आठवत होतं. त्यांनी नळ बंद केला.

त्यानंतर ते डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. सहाव्या आठवड्यात हातावर १२.३, वहीत १२.१. सातव्यात हातावर ८.७, वहीत ८.५. प्रत्येक वेळी ते मोठ्यानं आकडा सांगायचे, ती खिडकीच्या बाजूला पाहायची, मग लिहायची. खिडकीत तसं पाहण्यासारखं काही नव्हतं. तिकडे तिसरं टेबल होतं आणि तिथे जोडगोळी बसायची, म्हणजे एकमेकींशिवाय पाणीही न पिणाऱ्या दोन मैत्रिणी. पलीकडे सायकलींचा स्टँड.

मार्क कळायला मार्ग नव्हता. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम वहीत मार्क देत नसत, स्वतःच्या कागदावर लिहून कागद खणात टाकत आणि खणाला कुलूप लावत. त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवून त्या टेबलांमधून फिरायच्या आणि फिरताना वह्यांकडे न बघता माणसांच्या डोळ्यांकडे बघायच्या. एकदा सगळ्या वह्या हातात तोलत म्हणाल्या होत्या, "बारा टेबलं आणि सगळ्यांचं उत्तर एक. एवढं एकमत माझ्या घरी चहात साखर किती यावरही होत नाही."

वर्ग हसला होता. उस्ताद हसले नव्हते. ते लेकीकडे बघत होते, आणि तीही हसली नव्हती.

मग ते व्हरांड्याचं झालं. स्टाफरूमच्या दारात लेक मॅडमशी हळू आवाजात काही बोलत होती. उस्ताद जिन्यावरून आले, तशी ती गप्प झाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तिच्या पायात चपला होत्या. उस्ताद तसेच पुढे गेले. पुढच्या सोमवारी ते मुद्दाम लवकर आले आणि जिन्याच्या वळणावर उभे राहिले. ती पुन्हा तिथेच होती.

आता उस्तादांना सगळं लख्ख दिसू लागलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. पोरीला बाप वर्गात नको होता. ती तोंडानं म्हणणार नव्हती, पण लेखी आणि प्रॅक्टिकलचे मार्क एकत्र धरून पास करतात हे तिला ठाऊक होतं, आणि लेखीत बाप काठावर आहे हेही ठाऊक होतं. आकडे जरा जरा बिघडवत नेले की झालं. तिला काय, ती लेखीत पहिल्या पाचांत होती. त्यांना संताप आला, मग संतापाची लाज वाटली, आणि मग लाज वाटली म्हणून पुन्हा संताप आला. सरळ विचारावं असं ते रोज सकाळी ठरवायचे. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर? वर्कशॉपमध्ये टाकी फुटली तर काय करायचं हे त्यांना पाठ होतं. याचं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ते हातावर अधिकच दाबून लिहू लागले.

आज वार्षिक प्रॅक्टिकल होतं. त्यावर उस्तादांच्या टाक्या अवलंबून होत्या. मॅडमनी प्रत्येक टेबलावर नंबर घातलेली एक बाटली ठेवली होती, आणि तिच्यातल्या ॲसिडची तीव्रता काढायची होती. तीन वेळा करायचं, तिन्ही आकडे वहीत, खाली दोघांच्या सह्या. मार्क दोघांना एकच.

"काका, सही," लेक म्हणाली आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

उस्तादांनी वही पाहिली. ११.२, ११.२, ११.२.

त्यांनी पुन्हा पाहिलं. आजवर पॉइंट दोनचा फरक असायचा, फार तर पॉइंट तीनचा. हा सव्वादोनाचा होता. त्यांनी मान वर केली. लेकीच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि ती पेनाचं टोपण काढत होती, घालत होती.

"सही करा ना," ती अगदी हळू म्हणाली.

"पाच मिनिटं," मॅडम ओरडल्या.

हीच वेळ होती. हात वर करायचा, बाही वर करायची, आणि सगळ्या वर्गासमोर सांगायचं की ही मुलगी मी सांगतो ते लिहीत नाही. उस्तादांनी पेन घेतलं. शाळेत असताना ती प्रगतिपुस्तक पुढे करायची आणि मार्कांवर हात ठेवायची, तेव्हा ते न बघता सही करायचे आणि मग तिला चिमटा काढायचे. त्यांनी सही केली.

मॅडमनी वह्या गोळा केल्या आणि नेहमीसारख्या खणात न टाकता तिथेच एकेक उघडून एका कागदाशी ताडून पाहू लागल्या. मुलं एप्रनच्या घड्या घालत होती. बघता बघता प्रयोगशाळा रिकामी होत आली.

"चार नंबर, थांबा," मॅडम म्हणाल्या.

बापलेक थांबले. जोडगोळी दारातून एकदा मागे वळून बघून गेली. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता, आणि उस्तादांना सवयीनं वाटलं की याचा वायसर गेलाय.

मॅडमनी वही त्यांच्यासमोर ठेवली. "या वर्षी प्रत्येक टेबलाला वेगळी बाटली होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तीन नंबरच्या बाटलीला अकरा पॉइंट दोन यायला हवं. ते त्या दोघींना आलंय. तुमच्या बाटलीला तेरा पॉइंट चार यायला हवं. तुम्हालाही अकरा पॉइंट दोन आलंय. तेही तीनदा."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. उस्तादांना तिचा श्वास ऐकू आला.

तेरा पॉइंट चार. बाहीखाली हात गरम झाल्यासारखा वाटला. म्हणजे त्यांचा आकडा खरा होता. त्यांनी तिसऱ्या टेबलाकडे पाहिलं, मग तिथून लेकीच्या स्टुलाकडे. खिडकीतला सायकलींचा स्टँड तिथून दिसतच नव्हता. मधे जोडगोळीची वही ठेवायची जागा येत होती.

"दुसऱ्याचं उतरवलं की प्रॅक्टिकल शून्य, आणि वर्षभर परत बसायचं," मॅडम म्हणाल्या. "दोघांना देऊ शकते. पण उतरवणारा एकच असतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. ब्युरेटवर कोण होतं?"

"मी," उस्ताद म्हणाले.

"आकडे तुम्ही सांगितले आणि हिनं लिहिले?"

"हो."

"अकरा पॉइंट दोन तुम्ही सांगितलं?"

सोमवारपासून कागद, नळ, खोके. टाक्यांपाशी दुसरं कुणीतरी, वासावरून काहीही न कळणारं. उस्तादांनी लेकीकडे पाहिलं नाही.

"मीच सांगितलं."

"तिसऱ्या टेबलावरची वही वाचून? तुमच्या जागेवरून?" मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काका, मी वर्षभर तुम्हाला बघतेय. तुम्ही ब्युरेटवरून नजर हलवत नाही. मी मागे उभी राहिले तरी तुम्हाला पत्ता नसतो. वरची कड वाचता, तेवढं एक सोडलं तर..."

"तेच चुकतं ना, मॅडम!" लेक एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "मी सांगितलं होतं त्यांना. ऐकतच नाहीत. सगळे आकडे चुकत होते त्यांचे."

"कसे चुकतील? सुरुवातीला वरची कड, शेवटी वरची कड. दोन्हीकडे तेवढंच जास्त. वजा केलं की संपलं. म्हणून तर मी त्यांना कधी टोकलं नाही."

लेकीनं ओठांतल्या ओठांत काहीतरी वजा करून पाहिलं.

"म्हणजे कुठल्याच आठवड्यात..." ती म्हणाली आणि थांबली.

"आणि तू," मॅडमचा आवाज तसाच कोरडा होता, "दर सोमवारी स्टाफरूमच्या दारात येऊन काका पास होतील का, काकांना किती पडले, असं विचारतेस. स्वतःचे मार्क एकदाही विचारले नाहीस. मला तेव्हाच वाटलं होतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

उस्तादांनी टेबलाची कड धरली. जिन्याच्या वळणावर उभं राहून काढलेला तो सोमवार त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यांना स्वतःचीच इतकी शरम वाटली की लेकीनं आणखी दहा वह्या बिघडवल्या असत्या तरी त्यांनी त्यावर सह्या केल्या असत्या. पोरीला बापाची लाज वाटत होती, ते खरंच होतं. पण आकडे ती त्यासाठी बदलत नव्हती. बापाला जमणार नाही असं धरून चालली होती, एवढंच. हे ऐकूनही दुखायला हवं होतं. दुखत होतं, पण त्यांना त्याचं काही वाटेना.

"मॅडम, तिचा संबंध नाही," ते म्हणाले. "नजर माझी गेली. मी वय झालेला माणूस, घाबरलो. ती पोर सांगितलं ते लिहिते."

मॅडमनी खणातून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "ठीक आहे. तसं लिहून द्या. मी सांगितलं, हिनं फक्त लिहिलं. खाली सही. म्हणजे शून्य तुमचं एकट्याचं, आणि हिची परीक्षा मी परत घेईन."

उस्तादांनी कागद सरळ केला. उजव्या हातात पेन घेतलं आणि डाव्या हातानं कागद दाबून धरला. कोटाचं मनगटावरचं बटण टेबलावर टक् करून वाजलं. ‘मी’ एवढं त्यांनी लिहिलं.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. लेक टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली. तिनं त्यांचा डावा हात कागदावरून उचलला.

"काय करतेस?" उस्तादांनी हात मागे ओढला. "बस जागेवर."

तिनं सोडला नाही. बटण काजातून एकदम निघेना. दोनदा निसटलं.

"बाबा," ती म्हणाली, "हात सरळ करा."

मॅडमनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

बटण निघालं. लेकीनं जाड करडी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात उजेडाकडे वळवला. तीन आकडे एकाखाली एक होते, दाबून लिहिलेले, जरा घामेजलेले. तिनं ते वाचून दाखवले. तेरा टिंब चार, तेरा टिंब पाच, तेरा टिंब चार.

मॅडमनी वही ओढली, नवं पान उघडलं आणि लिहू लागल्या. बाही जाड होती, सारखी खाली घसरायची. मॅडमनी तिन्ही आकडे उतरवून घेईपर्यंत लेकीनं ती धरून ठेवली.